टेबलावर सोडलेलं पश्तो व्याकरण

“झीरो यूज,” लिंडा स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाली. “काढून टाक दोन्ही. एनीवे, स्कॅन ऑनलाइन आहे.”

लिंडा माझी बॉस. आम्ही कॅनडात, बर्नाबीतल्या एका युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत काम करतो. शेतातलं तण काढावं तशी कुणी न वाचलेली पुस्तकं आम्ही अधूनमधून काढतो. त्याला वीडिंग म्हणतात. या खेपेला पाळी दोन जुनाट पुस्तकांवर आली होती, एक पश्तो शब्दकोश आणि एक पश्तो व्याकरण. इंग्रजांच्या काळात सरहद्दीवरच्या फौजी साहेबांनी नव्या साहेबांना भाषा शिकवायला लिहिलेली.

झीरो ऐकून माझं डोकंच फिरलं. एक म्हातारे पठाण, रहमत खान, रोज हीच पुस्तकं वाचतात! काठी टेकत बसने येतात, खिडकीशी बसतात, ओठ हलवत वाचतात.

मग उलगडा झाला. इतकी जुनी पुस्तकं आम्ही घरी देत नाही. टेबलांवर राहिलेल्या पुस्तकांचे बारकोड आम्ही संध्याकाळी स्कॅन करतो, तेवढीच त्यांच्या वापराची नोंद. खानसाहेब मात्र वाचून झालं की पुस्तक पुसून स्वतः जागेवर ठेवतात. कॉम्प्युटरच्या लेखी ते कधी आलेच नाहीत.

मी त्यांच्याकडे गेले. “खानसाहब, किताब मेज़ पर ही छोड़ दिया कीजिए.”

“लावारिस?” ते दचकले. “बहनजी, अम्मा हाथ तोड़ देतीं.”

माझ्या आईनेही तेच केलं असतं. पण पुस्तकं जाणार आहेत म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला.

“ऐसा क्या है इसमें?”

त्यांनी व्याकरण उघडलं. सरावाची वाक्यं होती, बाजूला इंग्रजी अर्थ. घोडा आण. पाणी कुठे मिळेल? तू कुठल्या गावचा? सगळा साहेबी थाट.

“बीवी गुज़र गई. पोते अंग्रेज़ी बोलते हैं,” ते म्हणाले. “पश्तो में मुझसे अब यही किताब पूछती है, कहाँ के हो. मैं जवाब देता हूँ.”

नवरा गेल्यापासून शेजारच्या कोक्विटलाममधला माझा कॉन्डोही असाच गप्प असतो. ऑन्टॅरिओतल्या लंडनहून लेकीचा फोन येतो, “आय ॲम गुड, मॉम,” म्हटलं की संपला.

लिंडाला सगळं सांगितलं. “स्वीट,” ती म्हणाली. “पण मला नंबर्स लागतात.”

दुसऱ्या दिवसापासून खानसाहेब पुस्तकं टेबलावर ठेवून जाऊ लागले. खाली स्वतःचा धुतलेला रुमाल अंथरून. मी रोज स्कॅन करत राहिले आणि रुमाल घडी करून परत देत राहिले. पुढच्या मीटिंगमध्ये लिंडाने स्क्रीन पाहिली आणि दोन्ही पुस्तकं ठेवली.

मी त्यांना बातमी दिली. व्याकरणातल्या त्या वाक्यावर बोट ठेवून त्यांनी पश्तोत मला विचारलं, तू कुठल्या गावची?

“मिरजेची,” मी मराठीतच म्हणाले. इतक्या वर्षांत हे मला इथे कुणी विचारलं नव्हतं. मग मी वॉशरूममध्ये जाऊन तोंड धुऊन आले.

तेव्हा लायब्ररीत पुस्तक वाचलंत, तर कृपा करून जागेवर ठेवू नका. मागे पसारा न ठेवणारी माणसं आमच्या मोजणीत येत नाहीत.