राणीच्या मुकुटाखालचे बेचाळीस

आमच्या शाळेच्या काचकपाटातील बंदुकीवर ठोकलेला १९४२ हा आकडा खरा आहे काय, या एका प्रश्नासाठी मी तळेगावच्या दादारावांना आमच्या गावी बोलावले. पोलीस खात्यात हयातभर बंदुका दुरुस्त करून ते निवृत्त झाले होते. बंदूक शाळेच्या अध्यक्षांच्या घरची. आपल्या आजोबांनी बेचाळीस साली ती पोलिसांच्या हातून हिसकावली, असे ते सांगत. मी इतिहासाचा शिक्षक. कपाटातील पाटी मी लिहायची होती.

दादाराव कोणतीही बंदूक प्रथम पाहत नसत, चाचपत. “आधी हात, मंग डोये, तोंड सगळ्यात मांगं,” हे त्यांचे सूत्र. आमची बंदूकही त्यांनी डोळे मिटून चाचपली. काडतुसावर ठोका देणारा घोडा बाहेर नाही. मुठीखाली लोखंडी दांडा. तो खाली ओढला की आतला ठोकळा पुढून झुकतो, एकच काडतूस आत जाते, आणि दांडा वर घेतला की नळी बंद होते. या रचनेला मार्टिनी म्हणतात, हे त्यांनी मला दोनदा करून दाखवले. नळीत शिसे ओतलेले होते. तरी तिचे तोंड त्यांनी भिंतीकडेच ठेवले.

मग डोळे. उजव्या बाजूला मुकुट, त्याखाली व्ही. आर. ही अक्षरे, त्याखाली १९४२. दादारावांनी तिथे तेलाचे बोट फिरवले, बंदूक खिडकीकडे तिरपी धरली, आणि कडू काही चावल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. आकड्याभोवतीचे लोखंड घासून खोलगट केलेले होते.

“गुरुजी, हे व्ही. आर. कोन?”

“व्हिक्टोरिया राणी.”

“मंग राणी कवा मेली?”

“एकोणीसशे एक साली,” मी म्हणालो, आणि मला माझीच शिसारी आली. महिनाभर ही अक्षरे माझ्यासमोर होती. मुकुटाखालचे साल बंदूक घडवल्याचे असते, हिसकावल्याचे नव्हे. पण आमच्याकडे अभिमानाच्या प्रत्येक वस्तूवर बेचाळीस हवे असते.

तेवढ्यात अध्यक्ष आले. जुने साल पाहून पाहुणे नाना शंका काढत, म्हणून आपणच ते घासून तिथे बेचाळीस ठोकून घेतले, हे त्यांनी लपवले नाही. तज्ज्ञ म्हणून सही तेवढी करा, असे ते दादारावांना म्हणाले. “गावात कोनाले माईत हाये राणी कवा मेली?” असे म्हणून ते हसलेही.

दादाराव हसले नाहीत. “बापू, त्या काळी पोलिसायजवळ अशा जुन्या बंदुका राहत. जुन्या सालानं तुमच्या आज्याचं काई बिघडत नोतं. त्याची साक्ष तुमीच घासली. आता खरं सांगसान, तरी कोन आयकन?”

अध्यक्षांनी मागवलेला चहा तसाच राहिला. दादारावांनी नळावर साबणाने दोनदा हात धुतले आणि ते बसथांब्याकडे निघून गेले.

दादाराव मागच्या वर्षी वारले. त्यांची सही कोणत्याही कागदावर नाही. पाटी मात्र लागली. तिच्यावर बंदूक घडवल्याचे साल म्हणून १९४२ आहे आणि अक्षर माझे आहे; निवृत्तीला सहा महिने उरले होते आणि मी वाद टाळला. मुले ती पाटी वहीत उतरवून घेतात, हे आठवले की अजून किळस येते.

मी सांगतो म्हणून मानू नका. शाळेच्या वेळेत या. बंदुकीची उजवी बाजू काचेतून दिसते. आधी मुकुट पाहा, मग अक्षरे, मग आकडा. आणि स्वतः पडताळून घ्या.