मावशी दिसेल, मामी नाही

लग्नाच्या हॉलच्या दारात बायकांचे फोन जमा करायला माझी वहिनी नजमिया उभी असेल, तर हुशारी घरीच ठेवून यावं. एकदा नवरदेवाच्या आत्यानं कपड्यांत फोन दडवला. वहिनीनं "मबरूक, मबरूक" असं अभिनंदन करत तिला अशी कडकडून मिठी मारली की फोन हिच्या हातात. आत्याबाई नाचून दमल्या तरी त्यांना पत्ता नाही.

आमच्या लिबियातल्या मिसरात्यात हे असंच लागतं. आत एकही पुरुष नसतो, म्हणून बायका केस मोकळे सोडून मनसोक्त नाचतात. त्याचा व्हिडिओ काढायचा तर बाईनंच, कापायचा-जोडायचा तर बाईनंच. वहिनी चोवीस वर्षं हेच करते. घरामागच्या खोलीत तिचा कॉम्प्युटर आहे, दारावर पाटी नाही, आणि सगळ्या लग्नांच्या डिस्क पिशवीत बांधून जवाच्या पिठाच्या डब्यात तळाशी. मी तिची नणंद, हव्वा. तिच्या शेजारी बसून पडद्यावरची बाई कोणाची कोण ते सांगायचं, हे माझं काम. हात तिचे, तोंड माझं.

नवरीच्या बापाला किंवा भावाला प्रत हवी असली की खरी परीक्षा सुरू होते. भावाला मावशी दिसली तर चालते, मामी नाही. आत्या चालते, काकू नाही. चुलतबहिणी तर अजिबात नाहीत. जिच्याशी त्याचं कधीकाळी लग्न होऊ शकतं, तिचा त्याच्यापासून पडदा. पूर्वी वहिनी एकेक चित्र थांबवून, बाईच्या भोवती माउसनं रेघ ओढून तिला धूसर करायची. एका मिनिटाच्या नाचाला दोन दिवस जायचे. तिची मान धरायची, डोळे चुरचुरायचे, आणि मी शेजारून "अगं, तिचं कोपर राहिलं" म्हणत तिचा जीव खायचे. त्यामुळे बिचाऱ्या भावांच्या वाट्याला काय यायचं, तर खुर्चीत गप्प बसलेली नवरी.

या वसंतात आमच्या ओळखीच्या गालियाच्या मुलीचं, इस्महानचं लग्न झालं. गालियाचा एकुलता एक मुलगा अय्यूब मालवाहू जहाजावर स्वयंपाकी आहे. नऊ वर्षांत घरी आलेला नाही, कागदपत्रांचं काहीतरी लचांड. "तुझ्या लग्नाला येईनच" असं बहिणीला वचन देऊन गेला होता. ते राहिलंच. त्याचं जहाज माल्टात उभं होतं, गुरुवारी मावळतीला सुटणार होतं, आणि मग अडीच महिने ना फोन ना काही.

सोमवारी सकाळी गालिया यादी घेऊन आली. अय्यूबला दिसल्या तर चालतील अशा नऊ बायका तिनं लिहून आणल्या होत्या. "बसलेली नवरी नको गं, नजमिया," ती म्हणाली. "त्याला नाच दाखव. त्याच्या बहिणीचं लग्न झालंय, नुसता फोटो नाही काढलेला."

"चार दिवसांत?" मी म्हणाले. "गालिया, डोकं ठिकाणावर आहे ना?"

"होईल," वहिनी म्हणाली. ती कमी बोलते आणि मग मला घाम फुटतो.

तिच्याकडे एआयवाला नवा प्रोग्राम आला होता. पडद्यावरच्या बाईवर एकदा क्लिक केलं की तिची सबंध आकृती लाल होते, आणि ती जाईल तिकडे तो लाल रंग तिच्या अंगाबरोबर जातो. त्याला मास्क म्हणतात. मग तेवढीच बाई धूसर करा, नाहीतर तेवढीच ठेवा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी खुर्चीतून उठून टाळ्या वाजवल्या. दोन दिवसांचं काम चहा गार व्हायच्या आत!

टाळ्या जरा लवकरच वाजवल्या. लग्नातल्या एका दिवशी आमच्याकडे झाडून सगळ्या बायका पट्ट्यापट्ट्यांचा रेशमी रदा अंगाला गुंडाळतात. सव्वाशे बायका, सव्वाशे रदे, गर्दीत एक दुसरीच्या मागून निघते. मास्क मामीवर लावला होता. मामी मावशीच्या मागून गेली, आणि मास्क बाईसाहेब मावशीला धरून पुढे निघाल्या. पलीकडून मामी बाहेर आली ती लख्ख!

"बंद कर! मामी उघडी पडली!" मी किंचाळले.

"पडद्यावर आहे ती, रस्त्यावर नाही," वहिनी म्हणाली, पण तिचाही चेहरा उतरला होता. गावातल्या दुसऱ्या एकीच्या हातून मागे अशीच एक बाई राहून गेली होती. तिला त्यानंतर कोणी दारात उभं केलं नाही.

मंगळवारी संध्याकाळपर्यंत बावीस वेळा मास्क घसरला. मोजत मीच होते. "दे त्याला बसलेली नवरी," मी वैतागून म्हणाले. "मशीनला मावशी-मामी काय कळणार!" वहिनी उठून स्वयंपाकघरात गेली आणि बाझीनसाठी उकडलेलं जवाचं पीठ काठीनं बडवायला लागली. राग आला की ती तेच करते, आणि आम्हाला जेवायला चांगलं मिळतं. मधेच ती पिठानं माखलेल्या हातांनी दारात आली.

"हव्वा, आपण उलटं करतोय."

"काय उलटं?"

"बायका सव्वाशे, दाखवायच्या नऊ. आपण बाकीच्या सगळ्यांच्या मागे का धावतोय? आधी सगळंच धूसर करू. मास्क नऊ जणींवरच लावू, त्या तेवढ्या दिसतील. दोघी जवळ आल्या की मास्क तोडायचा, लांब झाल्या की पुन्हा क्लिक. मधल्या वेळात काय होईल?"

मी विचार केला. "मावशी घडीभर दिसणार नाही."

"मग मावशी रुसेल. रुसू दे. मामी तर झाकलेली राहील ना?"

मी तिला पिठासकट मिठी मारली. चोवीस वर्षं आम्ही दोघी बैलासारख्या राबलो आणि हे सुचायला मशीनला बावीस वेळा घसरावं लागलं! बुधवारी रात्रीच्या जेवणाआधी नाच, ढोलवाल्या बायका, नवरीची पाठवणी, सगळं तयार. धुक्यातून नऊ बायका निघत होत्या, ओळखू येत होत्या, हसत होत्या.

प्रत पाठवण्याआधी लग्नाला आलेल्यांपैकी एखादी वडीलधारी बाई ती पाहून जाते, असा आमचा रिवाज. गुरुवारी सकाळी गालियाची शेजारीण हाज्जा मबरूका आली. हज केलेली म्हणून हाज्जा, सत्तरी उलटलेली, गुडघे गेलेले. तिनं चष्मा पुसून सगळं पाहिलं, मान डोलावली. नाच आला तशी पुढे सरकली. हॉलच्या मधोमध एक धूसर आकृती खांदे उडवत होती.

"ही मी," ती म्हणाली. "मी का झाकलेय?"

"यादीत नाही तुम्ही, हाज्जा," मी म्हणाले. "शेजारीण ना तुम्ही?"

"अगं, मी दूध पाजलंय त्याला! गालिया बाळंतपणानंतर चाळीस दिवस तापानं पडली होती. माझी लेक एका बाजूला, तो एका बाजूला. मी दूधआई आहे त्याची." तिनं धूसर आकृतीवर बोट टेकवलं. "कॅमेऱ्याकडे बघून नाचले ते त्याच्यासाठीच. या गुडघ्यांनी."

आमच्याकडे दूध पाजलेली आई ती आईच, तिला कसला पडदा! पण यादी गालियाची होती. तिनं हो म्हटल्याशिवाय वहिनी हात लावणार नव्हती. मी फोन लावला.

मबरूकाचं नाव काढताच गालिया म्हणाली, "नाव ओठावर आलं होतं गं. लिहिलं नाही. लहानपणी लागलं-खुपलं की तो तिच्याच दाराकडे पळायचा. म्हटलं, या एका वेळी तरी त्यानं नुसतं मला बघावं."

"वा गं शहाणे!" मी भडकले. "तुझा ताप, आणि शिक्षा तिला?"

वहिनीनं फोन माझ्या हातातून काढून घेतला. "गालिया, मी काय करू तेवढं सांग."

"दाखव तिला," गालिया म्हणाली. "येतेच मी."

दुपारच्या नमाजाची अजान होऊन गेली होती. मबरूकाचा नाच चार मिनिटांचा, तोही गर्दीच्या ऐन मध्यावर. जुन्या पद्धतीनं आठ दिवस लागले असते. वहिनीनं क्लिक केलं, तोडलं, क्लिक केलं, तोडलं. मी ओरडत होते, "डावीकडून काकू येतेय! तोड! गेली. धर!" मधेच वीज गेली, जनरेटर लागला. दीड तासात धुक्यातून हाज्जा मबरूका बाहेर आली, पायाच्या मेंदीपासून केसांपर्यंत. तिसऱ्या प्रहरी व्हिडिओ माल्टाला पोचला.

गालिया फोन मुठीत धरून बसली होती. मबरूका तिच्या शेजारी, पण दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या. सूर्य उतरत आला तेव्हा फोन वाजला. अय्यूब आधी नुसता नाक ओढत होता. मग सगळ्यांना ऐकू येईल एवढ्या मोठ्यानं म्हणाला, "आई, इस्महान किती मोठी झाली गं! तू किती सुंदर दिसतेस! आणि आई... मबरूकाआई नाचतेय! माझ्याकडे बघून नाचतेय!"

गालियानं डोळे मिटले, उघडले. मग फोन शेजारणीच्या हातात ठेवला.

"घे," ती म्हणाली. "तुझा मुलगा बोलतोय."

आणि माझ्या अबोल वहिनीनं तोंडापुढे हात धरून असा लांबलचक झग्रूता, आनंदाची ती जिभेनं काढलेली किलकारी, घुमवला, की भिंतीपलीकडच्या बायकांनी कशाबद्दल ते न विचारताच आपलाही मिळवला.