शिशाची बदकं

माझी ताई दुसरीच्या वर्गात दोनदा बसली आणि चौथीत तिची शाळा कायमची सुटली. मी शिकले, शाळेत शिक्षिका झाले. तरी आयुष्यभर जळत आले ती मीच, तिच्यावर.

कारण बाबा तिच्या वाट्याला आले. घरामागच्या शेडमध्ये ते जुन्या बॅटऱ्या फोडायचे, त्यांतलं शिसं कढईत वितळवायचे आणि मासेमारीच्या जाळ्यांसाठी वजनं ओतायचे. त्या धुरानं मला दमा लागला, म्हणून आईनं मला मावशीकडे धाडलं. ताई मात्र ठणठणीत! बाबांच्या मांडीवर बसून काम बघायची, राखाडी धुळीत रेघोट्या ओढायची, त्याच हातानं खायची. सुट्टीत मी घरी यावं तर मांडी आधीच अडवलेली.

त्यात ती बदकं. उरलेल्या शिशातून बाबा बोटाएवढी बदकं ओतायचे, एक ताईला, एक मला. भांडण नको म्हणून माझ्या बदकाच्या पोटावर खिळ्यानं फुली मारायचे आणि मला द्यायला म्हणून ताईकडे सोपवायचे. ती देईल तर शपथ! "तुला मावशी आहे, नवं दप्तर आहे. बदकं माझी," म्हणायची, आणि मी हात पुढे केला की त्यावर फाडकन चापट.

तिचे पाढे रात्री पाठ व्हायचे, सकाळी पाटी कोरी. वाचताना ओळ हरवायची, मग चिडून पुस्तक भिरकावायची. सगळे तिला मठ्ठ म्हणायचे. खरं सांगते, मला आतून गुदगुल्या व्हायच्या. पण बाबा तिला कधी रागावले नाहीत. उलट तिलाच आणखी जवळ घ्यायचे, आणि माझा पहिला नंबर ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

पुढे ताई लॉण्ड्रीत इस्त्रीला लागली. हात झकास, पण एकाचे कपडे दुसऱ्याच्या गठ्ठ्यात जायचे. मालक ओरडला की हीही ओरडायची आणि नोकरी सुटायची. बाबा गेले तेही तिच्या मांडीवर डोकं ठेवून. मला ते अजून सलतं.

परवा तिचा फोन आला. "ये गं. नर्सबाई आल्यात, काय सांगतात ते माझ्या डोक्यात शिरत नाही."

शेड आता दुसरंच कोणी चालवतं. गल्लीतल्या पोरांचं रक्त तपासलं तर बऱ्याच जणांच्या रक्तात शिसं निघालं होतं. नर्सबाईंनी आम्हाला शांतपणे समजावलं. शिसं लहानपणी शरीरात गेलं की वाढत्या मेंदूला इजा होते. लक्ष टिकत नाही, शिकलेलं राहत नाही, बुद्धी मागे पडते, राग आवरत नाही. वरून मूल धडधाकट दिसतं. आणि झालेलं नुकसान पुरतं भरून येत नाही.

ताईनं विचारलं, "म्हणजे मी मठ्ठ नव्हते?"

"तुमचं आज छातीठोकपणे सांगता येणार नाही," बाई म्हणाल्या. "पण तुम्ही तशा जन्मल्या नसणार."

"बाबांना माहीत होतं?"

"त्यांना तेव्हा कोण सांगणार?"

ताई उठली. फळीवरचा डबा काढून तिनं जमिनीवर पालथा केला. बदकं! निम्म्यांच्या चोची चावून चावून सपाट झालेल्या, अंगावर बारीक दातांच्या खुणा. बाकीची जशीच्या तशी, पोटावर फुली.

"तुझी मी कधी तोंडात घातली नाहीत," ती मला म्हणाली. "तुझी होती ना. द्यायची नव्हती, एवढंच. तुला सगळं यायचं गं. मला वाटायचं, हिच्याकडे नाही असं काहीतरी आपल्याकडे असू दे."

म्हणजे ही बाईसुद्धा जळत होती, माझ्यावर!

नर्सबाई ती बदकं न्यायला पिशवी उघडून थांबल्या होत्या. मी मुलांना विज्ञान शिकवते. सगळं ऐकलं होतं, सगळं कळलं होतं. तरी माझा हात पुढे गेलाच आणि फुलीचं एक बदक मी मुठीत घेतलं.

ताईनं फाडकन चापट मारली. बदक खाली पडलं. मग माझं मनगट धरून तिनं मला नळापाशी नेलं आणि साबण लावून माझं एकेक बोट चोळून चोळून धुतलं.