येतो म्हणून जाणारे पाणी

मानवतला चन्नबसम्माक्कांच्या घरातून उठताना मी एकदा चुकून "जातो" म्हणालो. त्यांनी मला उंबऱ्यावरून माघारी बोलावले, पुन्हा बसवले, हातावर गुळाचा खडा ठेवला आणि म्हणाल्या, "आता येतो म्हणा, मग निघा." मी तेव्हा मुंबईहून वाणिज्य शिकून आलो होतो, कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून होतो आणि स्वतःला सुधारलेला समजत होतो. गूळ खाल्ला, "येतो" म्हणालो आणि निघालो. आज निवृत्तीला आलो, तरी कुणाच्या घरून निघताना "जातो" म्हणवत नाही.

अक्कांच्या घरात तेल संपत नसे, वाढत असे. दिवा विझवत नसत, मालवत. बांगडीसुद्धा फुटत नसे, वाढवत असे. असे थोडेफार सगळ्याच घरांत असते, पण अक्का त्यावर पहारा ठेवीत. त्यांची पहिली दोन लेकरे पाळण्यातच गेली होती. पाळण्याजवळ कुणीतरी भलतेच बोलले होते, असे त्यांच्या मनाने घेतले होते. तिसरी मल्लम्मा जगली. तेव्हापासून वाईट शब्द उंबऱ्याच्या आत येऊ द्यायचा नाही, हे त्यांनी ठरवून टाकले. त्यांचे यजमान कल्याणआप्पा धान्याचे व्यापारी. घर जिनिंगच्या भिंतीला लागून. हंगामात आमच्या यंत्रांची घरघर त्यांच्या स्वयंपाकघरात दिवसभर ऐकू यायची.

मल्लम्माला स्थळ आले ते थेट कोकणातले. आप्पांच्या सोलापूरच्या चुलतभावाने ते आणले होते. लिंगायत वाण्याचे घर, रत्नागिरीकडच्या एका बंदरात किराण्याचे दुकान, मुलगा गुणी. आप्पा खूश होते. अडचण एकच होती: दुकानाच्या मागे समुद्र होता, आणि तो कसला असतो हे घरात कुणालाच माहीत नव्हते.

गावात समुद्र पाहिलेला म्हणून माझी ख्याती होती. त्याच साली वाचनालयाच्या वार्षिक सभेत मी 'सागरदर्शन' हा निबंध वाचला होता. मोगलाईत सभेला परवानगी लागे. अर्जात विषय समुद्र लिहिला, म्हणून ती ताबडतोब मिळाली. निजामाच्या राज्याला समुद्रच नव्हता, तेव्हा त्याच्याविषयी कोण काय बोलतो याची सरकारला चिंता नसावी. निबंधाला टाळ्या पडल्या. वाणिज्य शिकलेल्या माणसाने साहित्यात शिरावे तसा मी शिरलो होतो: एकही नाम विशेषणावाचून सोडले नव्हते.

अक्कांनी मला बोलावून घेतले. "ते तुमचं समुद्राचं वाचा बरं. पोरगी द्यायची का न्हाई ते ठरवायचंय."

इतक्या महत्त्वाच्या कामासाठी निबंध लिहिला गेल्याची मला कल्पना नव्हती. मी घसा साफ करून सुरुवात केली. "तो रौद्र सागर गर्जना करीत किनाऱ्यावर तुटून पडत होता. लाटांमागून लाटा काळ्या खडकांवर आपटून फुटत होत्या..."

"थांबा. काय फुटायलं?"

"लाटा, अक्का."

त्यांचा हात स्वतःच्या बांगड्यांवर गेला. "घरात लग्नाची बोलणी चालू हायती अन् तुमी फोडाफोडी करायलाव. वाढवायल्या म्हणा."

मी म्हणालो. लाटा काळ्या खडकांवर वाढवत होत्या. ऐकताना मलाच कोण काय करते आहे ते कळेना. पुढे सूर्य बुडाला.

"सूर्यनारायण बुडाला?"

"म्हणजे दिसेनासा झाला."

"मग दिसेनासा झाला म्हणा की. देवाला कशाला बुडवायलाव?"

तिथेच थांबायला हवे होते. पण निबंधाचे सर्वांत टाळ्या घेतलेले वाक्य पुढे होते, आणि मला मोह आवरला नाही. "त्या अथांग उदरात आजवर किती गलबते गडप झाली असतील!"

अक्का उठल्या. "यजमानांना सांगा, तिथं पोरगी देणं न्हाई."

दुसऱ्या दिवशी आप्पांनी मला आपल्या दुकानात बोलावले. "भावानं खटपट करून स्थळ आणलं, अन् तुमी एका दुपारी बुडवलं."

"आप्पा, मी कशाला बुडवू?"

"सूर्याला बी तुमीच बुडवलं म्हणं. दुसरे शब्द न्हवते का जवळ?"

"होते."

"मग ते वापरा. आठ दिवसांनी या पुन्हा."

मी घरी जाऊन निबंध दुरुस्त केला. काम सोपे निघाले, हेच खरे तर लाजिरवाणे होते. रौद्र काढून प्रशांत घातला. गर्जना काढून गुंजारव घातला. खडक काढले, कारण प्रशांत समुद्राला त्यांचा उपयोग नव्हता. गलबते बुडवली होती ती वर काढून त्यांना पांढरी शिडे लावली.

ठरल्या दिवशी वाचले. "हा रत्नाकर आपल्या शीतल बाहूंनी किनाऱ्याला कवटाळतो, जशी माता लेकराला..." या वेळी अक्कांनी एकदाही अडवले नाही. मी सुखावलो. संपल्यावर त्या म्हणाल्या,

"दिनकरराव, गेल्या टायमाला हा गिळायला होता. आज पोटाशी धरायलाय. मधल्या आठ दिवसांत त्याला काय झालं?"

दाराआड मल्लम्मा हसली. आप्पा धान्यातले खडे बघू लागले.

"खरं सांगा, तुमी पाहिला का?"

"पाहिला, अक्का. चौपाटीवर रविवारी अभ्यासाला जायचो."

"तिथं खडक होते?"

"नव्हते. वाळू होती."

"मग खडक कुठून आणले?"

"सगळे तसेच लिहितात."

"अन् तुमी पाण्याकडं तोंड करून बसत होता का?"

समोरून वारा आला की पुस्तकाची पाने उडायची. "पाठ करून," मी म्हणालो.

"त्या सगळ्यांची बी पाठच असंल," अक्का म्हणाल्या.

मग त्या स्वतःच विचारू लागल्या. तिथल्या विहिरी गोड्या असतात का? वाळवण वाळतं का? मला एकाचेही उत्तर येईना. तेवढ्यात दाराआडून मल्लम्माने विचारले, "दादा, आवाज लय होतो का?"

हे मला माहीत होते. "पहिले दोन-चार दिवस ऐकू येतो. मग आपल्या जिनिंगसारखा. बंद पडला तरच कळेल. पण तो बंद पडत नाही."

अक्कांनी भिंतीकडे कान दिला, जणू घरघर त्या दिवशी पहिल्यांदाच ऐकत होत्या. "आणखीन सांगा. तुमचं तुमी पाहिलेलं."

माझे मी पाहिलेले फार थोडे होते. चणेवाला आठवला. "तिथे एक चणेवाला असे. दुपारी तो टोपली पार खाली मांडायचा. संध्याकाळपर्यंत सरकत सरकत वर यायचा."

"का बरं?"

"पाणी वर यायचे."

"पूर?"

"पूर नव्हे. रोजचेच. पाणी लांब मागे जाते, मग परत येते."

"रोज?"

"दिवसातून दोनदा."

"कुणी बोलवायला जातं?"

"नाही."

"अन् एखाद दिशी आलंच न्हाई, असं?"

"तसे कधी झालेले नाही."

अक्का म्हणाल्या, "आमच्या गंगेचं पाणी एकदा गेलं की गेलं. मागं वळून बघत न्हाई. हे पाणी बरं हाय. येतो म्हणून जातंय." आणि माझ्याकडे वळून, "हे का लिवलं न्हाई?"

मी वाचलेल्या पुस्तकांत ओहोटी लागे ती वैभवाला किंवा आयुष्याला. समुद्राला लागलेली फारशी कुठे वाचली नव्हती, म्हणून मीही घातली नाही.

"अहो," अक्का आप्पांना म्हणाल्या, "सोलापूरला कळवा."

लग्न झाले. निघताना मल्लम्मा "येते" म्हणाली, तरीही अक्कांनी तिच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. पुढे दर पंचमीला, पावसाळ्यात बोटी बंद म्हणून, ती मोटारीने घाट चढून आणि मग रेल्वेने माहेरी यायची.

अठ्ठेचाळीस साली पंचमीला ती आली नाही. सरहद्दीवर गडबड होती, रेल्वेचा भरवसा नव्हता, रझाकारांच्या भीतीने माणसे गाव सोडत होती. शेजारणी विचारायच्या, "लेक आली न्हाई व्हय औंदा?" अक्कांचे उत्तर ठरलेले: "पाणी बाहेर गेलंय. येईल."

एक दिवस त्या जिनिंगच्या फाटकापर्यंत आल्या. तिथे यापूर्वी त्या कधी आल्या नव्हत्या.

"दिनकरराव, तसं कधी झालेलं न्हाई म्हणला होता न्हवं?"

"म्हणालो होतो."

"पाहून म्हणला होता का वाचून?"

"पाहून, अक्का."

त्या परत गेल्या. आयुष्यात मी बरीच वाक्ये बदलली, पण ते एक बदलायची माझी हिंमत झाली नाही. त्या पावसाळ्यात मी समुद्रापेक्षा जास्त बेचैन होतो. त्याला तरी आपले वेळापत्रक माहीत असते.

सप्टेंबरात निजामाचे राज्य संपले आणि दिवाळीला मल्लम्मा दोन लेकरांसह दारात उतरली. अक्का बाहेर आल्या. लेकरांवरून भाकरतुकडा ओवाळला आणि पाणी तापवायला आत गेल्या.

मला राहवेना. इतकी वर्षे समुद्राकाठी काढलेले माणूस समोर होते. "मल्लम्मा, आता तू सांग. कसा असतो?"

तिने विचार केला. "दमट, दादा. पापड वाळत न्हाईत."

'सागरदर्शना'त हा शब्द कुठेच नव्हता. दोन्ही प्रतींत नव्हता. अक्कांनी मात्र तो आतून ऐकला असावा, कारण मल्लम्मा परत निघाली तेव्हा मानवतच्या उन्हात वाळलेल्या पापडांचे दोन डबे टांग्यात आधी चढले आणि मग ती "येते" म्हणाली.