मी ‘प्रायव्हेट’ म्हणाले

मुलीच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी राहिली आहेत. त्यांवर हे लिहिते आहे. माझी शाळा चौथीपर्यंतच झाली, त्यामुळे चुका असतील. कुणाला दाखवायचं नाही, तेव्हा असू देत.

मुलगी मॅट्रिक पास झाली, तेही पहिल्या वर्गात. अंधेरीच्या आमच्या गावठाणात तोवर एकाही मुलीला पहिला वर्ग मिळाला नव्हता. रविवारी चर्चमध्ये मिसा झाल्यावर फादरनी तिचं नाव सगळ्यांसमोर घेतलं आणि बायका वळून माझ्याकडे बघू लागल्या. मी डोक्यावरचा पदर पुढे ओढून खाली बघत राहिले. कुणी बघायला लागलं की मला असंच होतं.

पुढच्या आठवड्यात सरकारी कॉलेजचं पत्र आलं. जागा मिळाली आहे, शुक्रवारपर्यंत दाखला घेऊन या, असं त्यात लिहिलं होतं. कॉलेज आमच्या बाजूचंच होतं आणि फी थोडी होती. पण माझे थोरले दीर कुठूनसा दुसरा फॉर्म घेऊन आले. तो शहरातल्या मोठ्या कॉलेजचा होता. त्या दिवशी दोघे भाऊ ओट्यावर चहा पीत बसले होते, मुलगी खांबाला टेकून उभी होती आणि मी दाराच्या आत सुके बोंबील साफ करत होते.

“सरकारी म्हणजे काय ते तुला ठाऊक नाही?” दीर ह्यांना म्हणाले. “सरकारी दवाखान्यात गेलास ना? तासभर रांग लावायची, आणि पोट दुखो की पाय, बाटलीत तेच लाल पाणी.”

“आणि रेशनचा तांदूळ,” हे म्हणाले. “खडे निवडून हिचे डोळे गेले.”

“पप्पा, कॉलेजात तांदूळ देत नाहीत,” मुलगी म्हणाली.

“गप गं,” दीर म्हणाले. “प्रायव्हेट ते प्रायव्हेट. तिथून शिकलेल्या पोरी इंग्रजी बोलतात तेव्हा साहेबसुद्धा उठून उभा राहतो.”

“पण ते महाग किती आहे ते बघ की,” असं ह्यांचं चाललं होतं. बोलता बोलता ह्यांचा आवाज बारीक होत गेला, मला नीट ऐकू येईना. मग एकदम त्यांनी दाराकडे तोंड केलं. “पोरीच्या आयला विचारू. पोर तिची पण आहे. काय गं, सरकारी की प्रायव्हेट?”

लग्नाला वीस वर्षं झाली होती. भात कधी लावायचं, गाय विकायची की ठेवायची, घराला कौलं घालायची की पत्रे, यातलं काही मला कधी कुणी विचारलं नव्हतं. माझा हात बोंबलावरच राहिला.

इथे मला माझ्या भावाबद्दल सांगायला हवं. तो मॅट्रिकला दोनदा नापास झाला. शाळेने पुन्हा घेतलं नाही, तेव्हा तो प्रायव्हेट बसला. प्रायव्हेट बसायचं म्हणजे घरी राहून अभ्यास करायचा, मार्चमध्ये जाऊन परीक्षा द्यायची आणि परत घरी यायचं. प्रायव्हेट या शब्दाचा मला माहीत असलेला अर्थ तेवढाच. दुसरा काही असेल हे माझ्या मनातही आलं नाही.

आणि खरं लिहायचं तर तो अर्थ मला आवडला. मुलगी घरी राहील. ओट्यावर बसून वाचेल, मध्येच उठून मला पाणी काढून देईल, दुपारी माझ्याशी बोलेल. घरात माझ्याशी बोलणारी ती एकटीच होती.

“प्रायव्हेट,” मी म्हणाले.

दिरांनी मांडीवर थाप मारली. “बघ! चौथी शिकलेली बाई, पण तिला कळतं. तुला कळत नाही.”

मुलगी आत आली आणि बोंबलाचा वास, माझे घाण हात, काही न बघता तिने मला मिठी मारली. “आय, तू असं बोलशील असं मला वाटलंच नव्हतं गं,” असं म्हणून ती रडायला लागली. घरी राहायला मिळणार म्हणून ही इतकी खूश कशी, याचं मला नवल वाटलं. पण मीही खूश होते. दोन दिवस मी हवेतच होते. विहिरीवर शेजारणीला मी आपण होऊन सांगितलं, “आमची प्रायव्हेट बसणार.”

“अगं बाई, नापास झाली काय? फादरनी तर नाव घेतलं.”

“नापास कशाला होईल? पहिला वर्ग आहे तिचा.”

तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मला ऊन लागलंय. मी कळशी उचलून घरी आले.

तिसऱ्या दिवशी, गुरुवारी सकाळी, मी वाडीत गेले. वाडी म्हणजे विहिरीपलीकडचा छोटा तुकडा. शेत ह्यांचं, पण वाडी मी करायची. भेंडी, लाल माठ, कडेला चार केळी. तिथे मालाडचा एक शेठ छत्री घेऊन उभा होता. त्याचा माणूस माझ्या माठाच्या वाफ्यातून टेप ओढत चालला होता आणि टेपचं दुसरं टोक आमच्या ह्यांनी धरलं होतं.

“हे काय?” मी विचारलं. शेठ होता म्हणून हळूच.

“मोजणी.”

“कसली?”

“शेठ वाडी घेतायत. कॉलेजची फी काय भेंडी देऊन भरायची? तूच तर प्रायव्हेट म्हणालीस.”

“कॉलेज?” मी म्हणाले.

“मग काय देऊळ? जरा सरक, टेपवर पाय आहे तुझा.”

मी पाय काढला. टेपवाला माणूस आकडा ओरडून सांगत होता, मला नुसतं त्याचं तोंड हलताना दिसत होतं. घरापर्यंत कशी आले ते आठवत नाही. हातात रिकामी बादली होती एवढं आठवतं.

मुलगी शहरातल्या कॉलेजचा फॉर्म भरत बसली होती. मी तिच्यासमोर उभी राहिले.

“बाय, प्रायव्हेटमध्ये कॉलेजात जावं लागतं?”

ती हसली. “मग? घोड्यावर बसून परीक्षा देतात?” मग तिने माझ्याकडे नीट बघितलं. “आय, प्रायव्हेट कॉलेज म्हणजे जे सरकारचं नाही ते. तुला काय वाटलं?”

“मामासारखं.”

तिचं हसू गेलं. “मामासारखं म्हणजे घरी बसून?”

“हो.”

“पहिला वर्ग मिळवून मी मामासारखं घरी बसावं असं तुला वाटलं?”

मी बादली खाली ठेवली.

“का पण?”

“घरात राहिली असतीस,” मी म्हणाले.

तिने टाक खाली ठेवला. “वाडी विकायची हे तुला माहीत होतं?”

“आत्ता बघितलं. मोजतायत.”

“मला वाटलं तू वाडी दिलीस,” ती म्हणाली. “ओट्यावर त्या दिवशी पप्पा तेच बोलत होते. मला वाटलं तू ऐकलंस, आणि तरी प्रायव्हेट म्हणालीस. माझ्यासाठी.”

असं कुणीतरी माझ्याबद्दल समजलं होतं, आणि तीन दिवस तिच्या मनात मी तशी होते, हे कळल्यावर मला वाडीपेक्षा मोठा धक्का बसला. मी खाली बसले.

ती उठली. ट्रंकेतून तिने सरकारी कॉलेजचं पत्र आणि शाळेचा दाखला काढला आणि सरळ वाडीकडे गेली. मी तिच्यामागे विहिरीपर्यंत गेले आणि केळीच्या आड थांबले.

“पप्पा, मला सरकारीत जायचंय. उद्या शेवटचा दिवस आहे.”

“डोकं फिरलं काय? शेठ इथे उभे आहेत.”

“तिथलं सायन्स चांगलं आहे. आता माझा विचार बदलला.”

हे चिडले. शेठसमोर तिला नाही नाही ते बोलले. पोरीला शिकवून वाट लावली, आता बापाला नाचवते, असं. शेठ छत्री मिटून नुसता हसला. ती मान खाली घालून उभी होती. मी पुढे होऊन एवढंच म्हणायचं होतं, की तिचा नाही, माझा घोटाळा झाला. तोंडात शब्द होते. मी केळीचं पान धरून उभी राहिले आणि ते बोलले नाही. आजपर्यंत बोलले नाही.

शुक्रवारी तिने सरकारी कॉलेजात नाव घातलं. दीर महिनाभर आमच्याकडे चहाला आले नाहीत. वाडी राहिली. ह्यांनी मला पुन्हा काही विचारलं नाही. बायकांचं काही खरं नाही, असं ते शेजाऱ्याला सांगत.

मुलगी मात्र विचारायची. पण त्या दिवसापासून तिची एक सवय झाली. आधी ती शब्दाचा अर्थ सांगायची, मग विचारायची. “स्कॉलरशिप म्हणजे उसने पैसे नव्हेत, परत द्यायचे नसतात.” “प्रॅक्टिकल म्हणजे उशीर होणार.” लहान पोराला सांगावं तसं, सावकाश. मला ते बोचायचं. मी ऐकून घ्यायची.

चार वर्षांनी ती पास झाली आणि पुढचं शिकायला तिला पुण्याला जागा मिळाली. त्या दिवशी ती पत्र घेऊन माझ्यापुढे बसली.

“आय, हॉस्टेल म्हणजे तिथेच राहायचं. तिथेच जेवायचं, झोपायचं. रोज घरी यायचं नाही, शनिवारीपण नाही. दिवाळीला आणि नाताळला यायचं. कळलं?”

“कळलं.”

“मग सांग. जाऊ?”

या वेळी सगळं कळलं होतं. ‘जा’ म्हणायला मला चार दिवस लागले.