विभागात आणलेली कोळंबी

पदवीनंतर काही वर्षं मी डोंबिवलीत लहान मुलांसोबत काम केलं आणि मग ऑक्युपेशनल थेरपीच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी ठाण्याला दाखल झाले. आजाराने अडलेल्या माणसाला त्याची रोजची कामं पुन्हा करता यावीत, यासाठी झटणं हे आमचं काम.

सुरुवातीलाच माझ्याकडे शहाडजवळच्या गावातल्या एक मावशी आल्या. पक्षाघातानंतर त्यांचा उजवा हात उचलला जात होता, पण चिमटीत काही टिकत नव्हतं. मी त्यांच्यापुढे भोकांची फळी आणि रंगीत खुंट्या ठेवल्या. दोनचार खुंट्या लावून त्यांनी हात मांडीवर ठेवला.

"ह्या लावून मना काय मिलनार गो पोरी?"

"मग तुम्हाला काय करायचंय, मावशी?"

"कोलबी सोलाची हाय."

सोबत आलेली सून म्हणाली, "घरात कोळंबी आली की ह्या माझ्या शेजारी येऊन बसतात. मी सोलते, ह्या नुसत्या बघतात. त्या दिवशी धड जेवतही नाहीत."

मी शाकाहारी घरातली. कोळंबी हातात धरलेलीसुद्धा नव्हती. कामाचे टप्पे ठाऊक नसताना ते शिकवणार कसं? आमच्या विभागाच्या मॅडमना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "मग जाऊन शिकून ये की."

रविवारी मी मावशींच्या ओट्यावर बसले. डोकं तोडायचं, कवच सोलायचं, पाठीतला काळा धागा ओढून काढायचा, असं सुनेने दाखवलं. माझ्या हातून पहिल्या कोळंब्यांचा लगदा झाला. मावशी पोट धरून हसल्या. सून मला हळूच म्हणाली, "आजारपणापासून अशा हसल्या नव्हत्या."

सोलता सोलता माझ्या लक्षात आलं, की उजव्या हाताने नुसतं धरून ठेवलं आणि सोलायचं काम डाव्याने केलं, तर हे जमण्यासारखं आहे. घरी गेले तर आईने दारातूनच अंघोळीला पाठवलं. त्या रात्री मी समाधानाने जेवले.

मग आम्ही कणकेच्या गोळ्यांपासून सुरुवात केली. नंतर उकडलेल्या शेंगा. शेंगा हातातून निसटेनाशा झाल्या, तेव्हा मी मॅडमकडे कोळंबीची परवानगी मागितली.

"दिवसातली शेवटची वेळ घे, खिडक्या उघड आणि टेबलावर पेपर घाल," एवढंच त्या म्हणाल्या.

सुनेने डबा उघडला. मावशींनी उजव्या चिमटीत कोळंबी धरली. ती सटकली. पुन्हा धरली, पुन्हा सटकली. मी त्यांच्या बोटांना खरखरीत कापडी पट्टी गुंडाळली. या वेळी कोळंबी जागेवर राहिली आणि डाव्या हाताने कवच निघालं. शेपटीकडे थोडं फाटलं, पण धागा अख्खा बाहेर आला. मावशींनी लगेच दुसरी उचलली. मॅडम मागे येऊन उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "चांगली मोठी आहे हो, कुठून आणलीत?" मग त्या दोघी बाजार आणि भाव यांवर बोलत राहिल्या, आणि मावशींचे हात चालू राहिले.

काही महिन्यांनी त्यांचं येणं थांबलं. आता निम्मी कोळंबी त्या सोलतात, निम्मी सून. सुनेचा फोन आला, तेव्हा मागून मावशींचा आवाज येत होता. सुनेने एका कोळंबीतला धागा तसाच ठेवला म्हणून त्या तिला रागावत होत्या, आणि सून फोनवर हसत होती.