आधी टेबलावर चढा!

विरारजवळच्या नंदाखाल गावात माझी सुतारकामाची शेड आहे. तिथे दर रविवारी विरारचे तीन नोकरदार स्वतःचं टेबल स्वतः बनवायला येतात. शिकतात किती ते सोडा, किस्से मात्र भुशासारखे साचतात. झाडले तरी पुन्हा ढीग!

माझा नियम एकच. ज्याने टेबल बनवलं, त्याने वर उभं राहायचं. टिकलं तर घरी न्यायचं. मी चौथीत शाळा सोडली, पण हा नियम नाही सोडला.

*

जाधवसाहेब बँकेत मॅनेजर. मोबाइलवर लाकडाचा एक सांधा दाखवला. सांधा कसला, नक्षी!

"काका, मला असाच हवा."

"पटाशी कधी धरलीत?"

"व्हिडिओ चार वेळा बघितलाय ना!"

पाचव्यांदा बघितला तो अंगठ्याला पट्टी बांधून!

*

पाटील शॉर्टकटवाले. पाय उभे केले, आडव्या पट्ट्यांना स्क्रू पिळले, फ्रेम तयार!

मी म्हटलं, "पट्टीच्या टोकात स्क्रू धरत नाही. पायात खाच पाडा, पट्टीचं टोक तासून आत बसवा. ह्याहून सोपं आणि पक्कं काही नाही."

"काका, जमाना बदललाय."

चढले. जमाना जागेवर राहिला, पाटील जमिनीवर!

*

तिसरे सावंत. त्यांना बायकोने बजावलेलं, "महिनाअखेर टेबल घरात दिसलं नाही, तर मी रेडीमेड मागवणार. मग लाकडाचं नाव काढायचं नाही!"

म्हणून हा माणूस माझं ऐकायचा. खाच उत्तम पाडली. मग दोन पायांमधलं अंतर मोजलं आणि पट्टी बरोब्बर तेवढीच कापली. खाचेत शिरणारं टोक मापात धरलंच नाही!

"आता काय, काका?"

"आता टेबल चार बोटं बारीक. समोरची पट्टीही तेवढीच कापा."

"बायको काय म्हणेल?"

"माप तिलाच घ्यायला सांगायचं होतं!"

*

महिन्याचा शेवटचा रविवार. सावंतांचं टेबल तयार, आणि बायको स्वतः बघायला हजर. जाधव, पाटील गालात हसतायत. सावंतांचा पाय काही उचलेना.

"काका, गोंद अजून ओला असेल..."

"गेल्या रविवारचा आहे. चढा!"

"तुम्ही सरका हो," बायको म्हणाली. चप्पल काढली, ओढणी कमरेला खोचली आणि चढली. टाच आपटली. एकदा, दोनदा. टेबल हूं की चूं करेना.

तिने वर बघितलं. मग माझ्याकडे.

"काका, हा पंखा शेवटचा कधी पुसलात? द्या फडकं!"